छबूबाईचे उपवास

सर्जनला संशयी असावंच लागतं, आणि मी तर स्वभावानंच संशयी. पेशंट तोंडानं काय सांगतो त्यावर माझा विश्वास बसत नाही. मी आधी त्याचं पोट बघतो.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात घोडेगावकडच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या छबूबाईला नगरला आमच्या दवाखान्यात आणलं. आतडं अडकलेलं, पोट फुगून टम्म. बरोबर नवरा सहादू आणि सासू आक्काबाई. आमचा शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "अंगानं बरी आहे सर, झेपेल ऑपरेशन."

चेहरा भरलेला होता खरा. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. ते मांस नव्हतं, सूज होती. हिरव्या बांगड्या तिनं दोऱ्यानं मनगटाशी बांधून ठेवल्या होत्या, नाहीतर हातातून गळून पडल्या असत्या. इतक्या उपाशी बाईचे टाके धरतील कशावरून? पण अडकलेलं आतडं कुणासाठी थांबत नाही.

"हिला जेवायला देता का?" मी सासूला विचारलं.

"देतो की! पर ती उपास लई करती. सोमवार म्हादेवाचा, मंगळवार देवीचा, बेस्तरवार दत्ताचा, शनवार मारुतीचा. लई देवभोळी हाय माजी सून."

"आणि रविवार?"

"खंडोबाचा," ती अभिमानानं म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. सुनेला उपाशी मारायचं आणि खापर देवांवर फोडायचं! त्या क्षणापासून म्हातारी माझ्या डोळ्यांत सलायला लागली.

ऑपरेशन पार पडलं. तिला खाता येऊ लागल्यावर मी दूध आणि उकडलेली अंडी सुरू केली. ताटली रोज रिकामी परत यायची, पण जखम काही धरेना. एके सकाळी पट्टी गुलाबी पाण्यानं भिजलेली दिसली. टाके आतून सुटू लागल्याची ती खूण. पोट पुन्हा उघडलं असतं तर ती वाचली नसती. मग अंडी जात होती कुठे? चोर कोण ते मला ठाऊकच होतं, फक्त मुद्देमालासकट पकडायचं होतं.

दुपारी वॉर्ड पेंगत असताना मी चपला बाहेर काढून आत शिरलो. आक्काबाई भिंतीला टेकून झोपली होती. जागी होती ती छबूबाई. तिनं उशीखालून अंडी काढली, फडक्यात बांधली आणि गावी निघालेल्या सहादूच्या हातात दिली.

"तू खाल्लीस का?" त्यानं विचारलं.

"मला आज चतुर्थी हाय. अंडं कसं चालंल?"

"चतुर्थी परवाच झाली," मी मागून म्हणालो. "चंद्र दिसेपर्यंत मीच ताटकळत बसलो होतो. हा कुठल्या देवाचा उपवास?"

आक्काबाई दचकून जागी झाली. छबूबाईनं पदर तोंडाला लावला.

"कुठल्याच न्हाई, डाक्टर. घरी पोरं हायत, भाकरी पुरत न्हाई. भूक न्हाई म्हनलं की आत्याबाई त्यांच्यातली मोडून मला देत्यात आन सोता पानी पिऊन निजत्यात. उपास म्हनलं की कुनी आग्रेव करीत न्हाई."

आक्काबाई तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, त्या उपासापायी मी तुज्या पाया पडायची," ती म्हणाली. "गावभर सांगायची, माजी सून लई सत्त्वाची म्हनून."

मला फार वाईट वाटलं. रागही आला होता, पण तो आता कुणावर काढायचा तेच कळेना. मग मी सहादूवरच ओरडलो, "पोरांना इथं घेऊन ये! हिच्या डोळ्यांसमोर जेवतील."

आक्काबाईनं त्याच्या हातातलं फडकं हिसकावलं, एक अंडं सोललं आणि सुनेच्या तोंडापुढे धरलं. छबूबाईनं मान फिरवली.

"बरं," म्हातारी म्हणाली. "मग आजपासनं मला उपास. तू गिळस्तवर पान्याचा घोट बी घ्यायची न्हाई मी."

छबूबाई रडत रडत खाऊ लागली.

जखम भरायला फार वेळ लागला, पण भरली. तोवर प्रत्येक घासानंतर आक्काबाई सुनेची हनुवटी धरायची आणि म्हणायची, "आ कर." घास खरंच पोटात गेलाय की नाही, हे बघितल्याशिवाय ती पुढचा घास मोडायची नाही.