त्र्याऐंशीचे अठ्ठावन्न

मोनालीने सेटिंगमध्ये जाऊन चाचण्यांचा फोल्डर मोजणीतून वगळला आणि रिपोर्ट पुन्हा काढला. त्र्याऐंशी टक्क्यांचे अठ्ठावन्न झाले होते.

सातपाटीची ही मुलगी बोईसरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चाचण्या लिहायची. कारखान्यात वायू गळला की भोंगा वाजवणारा प्रोग्राम कंपनी तयार करत होती. त्याच्या किती ओळी चाचणीत खरोखर चालवून पाहिल्या, त्याचा टक्का दर शुक्रवारी तिच्या रिपोर्टात असे. ऐंशीच्या वर गेल्याशिवाय प्रोग्राम कारखान्याला द्यायचा नाही, असा करार होता. घोळ असा, की चाचण्या म्हणजेही कोडच, आणि त्या स्वतः तर पूर्ण चालणारच. त्याही मोजणीत धरल्या जात होत्या. त्यामुळे ती जितक्या चाचण्या लिहीत गेली, तितका टक्का आपोआप फुगत गेला, आणि वर शाबासकीही मिळाली. तिची आई बाजारात सुके बोंबील टोपलीसकट कधी तोलत नसे. लेक मात्र आठ महिने टोपलीच तोलत बसली होती. मोजणी तिनेच लावलेली, तेव्हा बोट दाखवायलाही दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी प्रोग्राम द्यायचा होता आणि त्यानंतर तिला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळणार होतं. तोंड मिटून बसली असती तर दोन्ही बिनबोभाट पार पडलं असतं. मोह झाला नाही असं नाही. वगळलेला फोल्डर तिने एकदा परत आत घेऊनही पाहिला. त्र्याऐंशी. मोठा देखणा आकडा. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि ती उठून मालकांकडे गेली.

प्रफुल्ल सरांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. सोमवारी देऊन टाकू, उरलेलं मागाहून निस्तरू, तिकडे कोण उघडून बघतंय, असं त्यांचं म्हणणं. मोनालीने रिपोर्टात लाल दिसणाऱ्या, न तपासलेल्या ओळी त्यांच्यासमोर उघडल्या.

"सर, सेन्सरची तार तुटली तर भोंगा वाजतो का, ते आपण कधी बघितलंच नाय."

"मग आता बघ."

तिने तिथेच चाचणी लिहून चालवली. भोंगा वाजला नाही. तार तुटली तरी प्रोग्राम सगळं ठीक आहे असंच समजत होता. मग सरांनी स्वतःच कारखान्याचे सुरक्षा अधिकारी रामनाथ यांना फोन लावला, झालेली चूक सांगितली आणि महिन्याची मुदत मागितली. मोनालीचं पत्रही तेवढंच पुढे गेलं.

दहा दिवसांनी दुरुस्त केलेला भाग रामनाथांनी कारखान्यातच पाहायचा हट्ट धरला. पक्कड घेऊन तार त्यांनी स्वतःच्या हाताने तोडली. भोंगा असा कोकलला, की मोनालीने कानांवर हात दाबले. कामगार बाहेर येऊन आवारातल्या झाडाखाली जमू लागले. कुणी हातमोजे काढत, कुणी हिंदीत कुरकुरत.

"टक्का किती झाला, पोरी?" रामनाथांनी विचारलं.

"एकसष्ट."

"खरा ना?"

"खरा."

त्यांनी मान हलवली आणि कामगारांची यादी घेऊन ते झाडाखाली डोकी मोजायला गेले. मोनालीही त्यांच्या मागून एकेकाचं तोंड बघत चालली. यादीत चव्वेचाळीस माणसं होती. चव्वेचाळीस बाहेर आली होती.