इर्याची दोन वर्तुळं

“आज गरम पाणी घातलंय,” तौनो बर्फ गुळगुळीत करायच्या गाडीवरून उतरत म्हणाला. “बर्फ काचेसारखा बसलाय. लवकर वापर, नाहीतर पोरं येऊन नांगरून टाकतील.”

“एवढे लाड कशासाठी?” इर्याने स्केटिंगच्या बुटाची नाडी ओढत विचारलं.

“लाड कसले? टाकीत गरमच होतं.”

टाकीतलं पाणी आपोआप गरम होत नाही. त्यासाठी तौनोला आज अंधारात उठून यावं लागलं असणार. इर्याला ते कळलं. आपल्याला कळलं आहे हे तिने कळू दिलं नाही. तो गेला आणि हॉलमध्ये फक्त बर्फ गोठवणाऱ्या यंत्राची घरघर उरली.

सोमवारी कुओपिओच्या इस्पितळात तिचा उजवा खुबा बदलायचा होता. नंतर चालता येईल, पोहता येईल, पण बर्फावरचे बूट मात्र कायमचे बंद, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. म्हणजे रोज पोरं यायच्या आधी इथे येण्याची आजची सकाळ शेवटची. या सकाळकडून इर्याला एकच गोष्ट हवी होती: एक स्वच्छ आकृती. एकमेकांना टेकलेली दोन वर्तुळं, दोन्ही एकेका पायावर, आणि त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा.

तिच्या काळी स्पर्धा सकाळी या आकृत्यांनी सुरू होई. संगीत नसे, प्रेक्षक नसत. फक्त पंच आणि थंडी. इर्या कुओस्मानेनचं नाव तेव्हा वरच्या पाच-सहांत असे. मग संध्याकाळी दिवे, झगे आणि उड्या आल्या, की ते खाली घसरे. उड्या तिला कधी नीट जमल्याच नाहीत. पुढे आकृत्या स्पर्धेतूनच काढून टाकल्या. जे तिला येत होतं, ते आता कुणालाच नको होतं. काही दिवस तिने बुटांकडे पाहिलंही नाही. मग ती आपल्या गावी, वार्काउसला परत आली आणि लहान मुलांना न घाबरता पडायचं कसं, ते शिकवू लागली. त्या कामात तिला सुख मिळालं, हे ती कुणालाही सांगू शकली असती. कुणी विचारलं मात्र नव्हतं.

पहिली फेरी छान झाली. बुटाच्या पात्याची बाहेरची कड बर्फात नेमकी बसली होती. दुसऱ्या फेरीत खुब्यात काहीतरी अडकलं. तिसऱ्या फेरीत, दोन वर्तुळं जिथे भेटतात तिथे, पाय बदलताना ती आडवी झाली.

उठता येईना. तौनो आत यंत्रांच्या आवाजात असणार, त्याला ऐकू जाणार नाही. पोरं येईपर्यंत असंच पडून राहायचं, असा तिने हिशेब केला.

तेवढ्यात हॉलच्या कडेला असलेल्या कॅफेचं दार उघडलं. हातात कप घेतलेला तौनो, एप्रन बांधलेली कॅफेवाली हेल्वी आणि कागद गिरणीतून निवृत्त झालेला, एके काळचा हॉकीचा गोलरक्षक म्हातारा रेइनो, तिघं घसरत घसरत तिच्याकडे आले. फारच लवकर आले.

“लागलं का गं?” हेल्वीने विचारलं.

“तुम्ही कुठून उगवलात?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “कॅफेतून,” रेइनो म्हणाला.

“कॅफे बंद आहे. दिवासुद्धा नाही तिथे.”

“दिवा लावला तर काचेतून आम्ही दिसू ना!” हेल्वी म्हणाली.

“म्हणजे आज मला बघायला आलात?”

“आज कसलं?” तौनो पुटपुटला. “रोजच येतो. रेइनोची सेल्मा जिवंत होती, तेव्हा नवऱ्याबरोबर तीही यायची. तिची खुर्ची खिडकीजवळची.”

“आणि मला कुणी सांगितलं नाहीत?”

“तुला एकटीला करायचं असतं,” रेइनो म्हणाला. “म्हणून तर एवढ्या सकाळी येतेस.”

“अरे, मी सकाळी येते कारण तेव्हाच बर्फ मोकळा मिळतो!”

तौनोने कपात पाहिलं. “हे आधी बोलली असतीस, तर इतकी वर्षं अंधारात बाहीवर कॉफी सांडली नसती माझ्या.”

इर्या बर्फावर पडल्या पडल्या हसू लागली. हसताना तिला लहानपणचं तळं आठवलं. त्याच्या गोठलेल्या पाण्यावर ती सराव करायची, तेव्हा शेजारचा शेतकरी रोज संध्याकाळी ट्रॅक्टर काठावर आणून उभा करायचा, दिवे तिच्याकडे करून. इंजिन गरम करतोय, म्हणायचा. इतका वेळ कुठलं इंजिन गरम करतात?

“उठवा मला.”

त्यांनी तिला उभं केलं. “पुरे आता,” हेल्वी म्हणाली. “आत चल. वेलचीचे बन गरम आहेत.”

“अजून एकदा.”

“खुबा मोडेल गं!”

“सोमवारी तो फेकूनच देणार आहेत.”

“बरं, मग आम्ही आत जातो,” रेइनो म्हणाला. “दिवा नाही लावत.”

“जाऊ नका. इथेच थांबा.”

ते कठड्याला चिकटून उभे राहिले, दुसऱ्याच्या घरात भलत्या वेळी शिरल्यासारखे. इर्या बाजूच्या कोऱ्या बर्फावर गेली. हात पसरले, श्वास सोडला आणि निघाली. खुबा प्रत्येक वळणावर बोलत होता. तिने त्याला बोलू दिलं. एक वर्तुळ, दुसरं, पुन्हा पहिलं. शेवटी ती जिथून निघाली होती तिथेच येऊन थांबली.

रेइनो कुरकुरत गुडघ्यांवर बसला आणि जुन्या पंचांसारखा वाकून रेघ पाहू लागला.

“इथे जरा फाटलीय.”

“दोन बोटं,” इर्या म्हणाली. “माहितेय मला.”

“गप रे मेल्या,” हेल्वीने त्याला हटकलं.

रेइनो बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, “वाईट नाही.”

यापेक्षा मोठी स्तुती त्या गावात इर्याने कुणाची ऐकली नव्हती.

“आभार,” ती म्हणाली. “तुम्हा सगळ्यांचे. सेल्माचेही.”

रेइनोने मान हलवली. तौनो छताकडे पाहत राहिला. “कॉफी गार होईल,” हेल्वी म्हणाली आणि निघाली.

कॅफेचं दार समोरच होतं, रेघांच्या पलीकडे. पण तिघं कठड्याच्या कडेने, एकामागून एक, सबंध हॉलला वळसा घालून गेले.