बाहेरून

हौशीरामनं घोंगडीची घडी मांडीवर घेतली, तसा समोरचा प्रवासी हसला. मळवलीहून पुण्याला निघालेल्या गाडीत चैत्रातलं ऊन खिडकीतून आत आलं होतं.

"पाव्हणं, एवढ्या उन्हाचं घोंगडं?"

"बसायला," हौशीराम म्हणाला आणि बाहेर बघू लागला.

घोंगडी दोन वर्षांपूर्वी घेतलेली. त्याची बायको, नंदाबाई, कार्ल्याच्या शाळेत शिकवायची. डोंगरावरच्या वाडीतली पोरं पंधरा-पंधरा दिवस शाळेत यायची नाहीत. हेडमास्तर त्यांची नावं कापायला सांगायचे. ती कापायची नाही. रोज नावापुढं गैरहजर लिहायची आणि रविवारी वाडीवर जाऊन यायची. गैरहजर म्हणजे उद्या येणार, असं तिचं म्हणणं.

लग्न झालं तेव्हा ती सातवी झालेली होती. पुढचं सगळं तिनं चूल आणि भाताची कामं सांभाळून केलं. कॉलेजात रोज जाणं जमण्यासारखं नव्हतं. पण नोकरी करणाऱ्यांना घरी अभ्यास करून परीक्षा देता येते, असं तिला कळलं. फॉर्म भरून आली त्या दिवशी तिनं त्याला सांगितलं, "मी बी.ए.ला बाहेरून बसतेय."

हौशीरामला आकडे वाचता येत, अक्षरं नाही. बाहेरून म्हणजे कॉलेजच्या आवारात, झाडाखाली, असंच त्याला वाटलं. एवढ्या मोठ्या कॉलेजात खेड्यातल्या बायकांना आत कोण घेणार? जमीन तापलेली असेल म्हणून त्यानं धनगराकडून घोंगडी आणली. पहिल्या पेपरला फाटकातून आत शिरल्यावर ती लिंबाखाली अंथरली, हातानं सारखी केली आणि तिला म्हणाला, "बस." नंदाबाई इतकी हसली की तिला पदरानं डोळे पुसावे लागले. मग ती आत बाकावर जाऊन बसली आणि तो घोंगडीवर, तीन तास.

पेपर देऊन आल्यावर ती म्हणाली, "मी आतून बसले, तुम्ही बाहेरून. पास झालो तर दोघं होऊ."

झाले. दुसऱ्या वर्षीही झाले. हे वर्ष शेवटचं होतं.

पौषात ती काविळीनं गेली. फॉर्म त्याआधीच रवाना झालेला. मागच्या पंधरवड्यात हौशीराम शेतात राबासाठी पाला पसरत होता, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायला, तेव्हा पोस्टमन गेणू बांधावर आला. पाकीट फोडून त्यानंच वाचलं. परीक्षेला बसायचं कार्ड होतं, नंदाबाईच्या नावाचं. नंबर चारशे सतरा. गेणूनं कार्ड परत पाकिटात सारलं. मग म्हणाला, हे परत धाडावं लागंल, वर मयत असं लिहून. मीच लिहून देतो.

"ऱ्हाऊ दे."

"भाऊ, तसं चालत न्हाई."

"ऱ्हाऊ दे म्हन्लं ना."

शाळेत, तलाठ्याकडं, रेशनच्या कार्डावर, सगळीकडं तो शब्द लिहून झाला होता. प्रत्येक ठिकाणी हौशीरामनं अंगठा उठवला होता. तो शब्द न लिहिलेला हा एकच कागद उरला होता. त्यानं ते कार्ड तिच्या पुस्तकात घातलं. आज राब भाजायचा सोडून तो ते घेऊन निघाला होता.

कॉलेजच्या फाटकात दत्तोबा नावाचा शिपाई होता. त्यानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"बाई कुटंत? घंटा व्हायला आली."

"यायच्या न्हाईत."

"मग तुमी?"

"जरा झाडाखाली बसतो."

दत्तोबानं त्याच्याकडं पाहिलं, मग घोंगडीकडं. कार्ड परत दिलं आणि बाजूला झाला.

लिंब तोच होता. हौशीरामनं घोंगडी अंथरली आणि खिडक्यांकडं तोंड करून बसला. घंटा झाली. आतली कुजबुज थांबली. बऱ्याच वेळानं दत्तोबा हजेरीच्या कागदांची चळत घेऊन ऑफिसकडं निघाला, तसा हौशीराम अर्धा उठला.

"दादा, ज्या न्हाई आल्या, त्यांच्या नंबराफुडं काय लिवत्यात?"

"गैरहजर."

"आन मानूस गेलेलं असलं तर?"

दत्तोबा थांबला. त्याचा आवाज खाली आला.

"कुणी कळवलं तर नाव कापत्यात. न्हाई कळवलं तर आमाला काय ठावं? गैरहजर, एवढंच."

"चारशे सतराफुडं बी?"

दत्तोबानं चळतीतला एक कागद वर काढला. बोट खाली खाली नेत एका जागी ठेवलं.

"गैरहजर."

हौशीराम परत खाली बसला. पाय पोटाशी घेतले. दत्तोबा परत आला तेव्हा आत पाणी वाटायची घागर त्याच्या हातात होती. पहिला पेला त्यानं लिंबाखाली आणून दिला आणि मग आत गेला.

शेवटची घंटा झाली. माणसं शाईचे हात पुसत बाहेर आली. दोन बायकाही होत्या, पेपराबद्दल बोलत. त्या फाटकाबाहेर गेल्या तरी हौशीराम दाराकडंच बघत होता.

"चला भाऊ, फाटक लावायचंय."

"अजून किती पेपर हायेत?"

"पाच."

हौशीरामनं घोंगडी झटकली, नीट घडी केली आणि दत्तोबाच्या हातात दिली.

"ही हितंच ऱ्हाऊ दे. उद्याच्याला लागंल."