कपाटातून ऐकलेली बारशी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. रोल घालायचा, डोळ्याला लावायचा, भिंग फिरवत चित्र स्पष्ट करायचं, अशा जातीचा. बटण दाबलं की सगळं आपोआप करणारे हल्लीचे चिमुकले कॅमेरे मला म्हातारा म्हणतात. म्हणोत बापडे!

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. मला आठवते ती गीतांजली. दुबईत नोकरीला असलेल्या तिच्या मामांनी मला आणलं आणि कॉलेजात जाणाऱ्या या भाचीच्या हातात ठेवलं. पनवेलची मुलगी ती. मला गळ्यात अडकवून तिने सगळा परिसर पालथा घातला. खाडीकाठची मिठागरं, मासळीवरून हुज्जत घालणाऱ्या बायका, सिडकोच्या अर्धवट इमारतींवर वाळत पडलेली लुगडी. नटूनथटून ताठ उभी राहिलेली माणसं तिला आवडायची नाहीत. कुणी आपल्याच नादात असलं, की ती श्वास रोखायची आणि मी डोळा मिटायचो. कॉलेजच्या प्रदर्शनात आमच्या फोटोला बक्षीस मिळालं. आमच्या म्हणतो, कारण नजर तिची होती आणि डोळा माझा.

मग तिचं लग्न झालं आणि आम्ही कळंबोलीच्या नव्या सोसायटीत राहायला आलो. तिचे यजमान श्यामसुंदर लोखंड बाजारातल्या एका ऑफिसात होते. सासूबाई जयमालाबाई मनाने मायाळू, पण वस्तू जपण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "एवढी भारी वस्तू बाहेर कशाला? उद्या पोरंबाळं होतील," असं म्हणून त्यांनी मला चामड्याच्या कव्हरात घातलं, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि शालूशेजारी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. सगळं प्रेमाने केलं. मी रागावणार तरी कुणावर?

त्या अंधारात मी फक्त ऐकलं. क्षिप्राचं बारसं ऐकलं, मग अभिरामचं. दोन्ही वेळी भाड्याने आणलेला फोटोग्राफर "इकडे बघा, स्माइल प्लीज" म्हणत होता आणि माझा जीव तीळतीळ तुटत होता. अभिरामने पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा घरभर टाळ्या वाजल्या. कपाटाच्या दारापासून तो दोन हातांवर असेल. मित्रांनो, पाहण्यासाठीच जन्मलेल्याने नुसतं ऐकत राहायचं, हे दुःख फार मोठं असतं.

शहाण्णव सालच्या एका दुपारी लपाछपी खेळताना क्षिप्रा उघड्या कपाटात शिरली आणि मला घेऊनच बाहेर आली.

"आई, हे काय गं?"

"कॅमेरा."

"कुणाचा?"

"माझा."

"तुझा?" क्षिप्रा बघतच राहिली. "तुझं पण काही असतं?"

गीतांजलीने मला तिच्या हातातून काढून घेतलं. संध्याकाळी भाजी आणायला गेली, ती रोल घेऊनच आली.

आता त्या काळी घरोघरी रोल म्हणजे पुरवून वापरायची गोष्ट. गणपतीत घालायचा, वाढदिवसाचे चार काढायचे, दिवाळीचे पाच, आणि संपला की धुवायला द्यायचा. गीतांजलीने तो आठवड्यात संपवला! अभिराम दोन्ही हातांनी दहीभात फासतोय, क्षिप्रा बादलीत बाहुलीला न्हाऊ घालतेय. "अगं, पोरांना नवे कपडे तरी घाल!" जयमालाबाई ओरडायच्या. गीतांजली गालात हसायची. तिची बोटं काही विसरली नव्हती. मी किती सुखात होतो म्हणून सांगू!

फोटो आले आणि सगळं मुसळ केरात गेलं. प्रत्येक फोटोवर पांढुरकी साय होती.

"कळंबोलीत धुकं कधी पडलं गं?" श्यामसुंदर हसत म्हणाले. गीतांजली हसली नाही.

फोटो स्टुडिओवाल्याने माझ्या डोळ्यात बघून सांगितलं, "म्याडम, लेन्सला बुरशी लागलीय. कव्हरात बंद ठेवलावता ना? आपल्याकडची हवा दमट, आत घाम धरतो. साफ करायचा तर मुंबईलाच न्यायला लागेल."

"जपून ठेवला होता हो," ती एवढंच म्हणाली.

घरी येऊन तिने मला पुन्हा कव्हरात घातलं. "जाऊ दे. मुलं मोठी झाली की बघू," ती म्हणाली. तिने कपाटाची किल्ली हातात घेतली. यावेळी आत गेलो तर कायमचा, हे मला कळत होतं. तिलाही कळत असावं, कारण किल्ली हातात घेऊन ती तशीच उभी होती.

जयमालाबाई फोटो चाळत होत्या. एका फोटोपाशी त्या थांबल्या. क्षिप्राच्या केसांना तेल लावता लावता त्या कशालातरी हसल्या होत्या, पदर ढळलेला, तोंडात कवळी नाही.

"मी अशी हसते?" त्यांनी विचारलं.

"रोज हसता, आई."

"लग्नात ताठ बसवून काढला, तेवढाच माझा एकटीचा फोटो." त्या बराच वेळ त्या धुकट फोटोकडे बघत राहिल्या. मग उठल्या, सुनेच्या हातातून मला घेतलं आणि कव्हरातून बाहेर काढलं. "श्याम, स्वयंपाकघरात खिळा मार. पोरांचा हात पोचणार नाही, इतक्या उंच. आणि रविवारी हिला मुंबईला ने, ते काय ते पुसून आणा. टेन्शन घेऊ नकोस गं, पोरांना मी बघते."

तेव्हापासून मी त्या खिळ्यावर असतो. फोडणीचा धूर लागतो, तिच्या हाताचं पीठ लागतं, आणि ती रोज मला पुसते. पुसूनही बुरशीचा एक डाग राहिलाच. अभिरामचं पहिलं पाऊलही माझ्याजवळ नाही, ते आता कधीच मिळणार नाही. रिकाम्या दुपारी त्या न पाहिलेल्या पावलाची फार आठवण येते.

म्हणून मित्रांनो, एवढं माझं ऐका. वस्तू जपा, पण वापरून जपा. आणि आज घरी गेलात की आईला विचारा, "आम्ही नव्हतो तेव्हा तुला काय करायला आवडायचं?" ती "काही नाही रे" म्हणेल. तेवढ्यावर खेळायला पळू नका. पुन्हा विचारा.