समासातले ठिपके

“बाई, तोच परिच्छेद साहेबांनी दोनदा सांगितला,” नवी म्हणाली आणि तिनं आपली वही माझ्यापुढे सरकवली. “आधी पान चारवर बघा, मग पान सातवर. एक शब्द इकडचा तिकडे नाही.”

मी वहीकडे न बघताच म्हटलं, “माहितीये. सातवरचा गाळायचा.”

“तुम्ही लिहिलाच नाहीत?”

“नाही. नुसता ठिपका दिला.”

नवी म्हणजे माझ्या जागी येणारी स्टेनो. वय पस्तीसच्या आसपास, चष्मा, टोकदार पेन्सिल आणि त्याहून टोकदार नाक. येत्या शुक्रवारी मला साठ वर्षं पुरी होणार होती आणि नियमाप्रमाणे त्याच दिवशी मी घरी जाणार होते. तोवर आम्ही दोघींनी शेजारी बसून साहेबांचं डिक्टेशन घ्यायचं, म्हणजे तिला त्यांच्या बोलण्याची सवय होईल, असं ठरलं होतं. आज मंगळवार होता. एकाच डिक्टेशनच्या दोन वह्या झाल्या होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या.

साहेब न्यायाधीश, वय एक्याऐंशी. आमच्या मुलखाचा कायदाच असा, की कारकून, स्टेनो, पट्टेवाला यांनी साठीला उठायचं. न्यायाधीशांनी आणि निवडून आलेल्या मोठ्या माणसांनी मात्र आपल्याला वाटेल तेव्हा. साठी बुद्धी नाठी म्हणतात, ती फक्त तिसऱ्या वर्गाच्या नोकरांची नाठते असा सरकारचा समज असावा. मिनिटाला एकशे वीस शब्द मी आजही एकही चूक न करता घेते. पण मला घरी पाठवताना माझी परीक्षा घ्यावी असं कोणाच्या मनात आलं नाही. याचा मला राग होता आणि अजून आहे.

गंमत म्हणजे त्या दिवशीचा निकालही नेमका यावरच होता. सभागृहाचे सभासद आणि न्यायाधीश, दोघांनीही पंचाहत्तरीला खुर्ची सोडावी असा नवा कायदा झाला होता. तो लागू होण्याआधीच एकोणऐंशी वर्षांच्या एका सभासदानं त्याला आव्हान दिलं आणि ते प्रकरण आमच्या साहेबांपुढे आलं. त्यांनी ते ऐकावं का, अशी थोडी कुजबुज झाली. पण पन्नाशीचा बसला काय नि ऐंशीचा बसला काय, म्हातारं सगळ्यांनाच व्हायचं असतं, असं म्हणून कुजबुज मिटली.

साहेबांनी बोट वर करून सांगितलं होतं, “वय हे शरीराचे मोजमाप आहे, विवेकाचे नाही. ज्या संस्थेने आपल्या ज्येष्ठांची स्मृती गमावली, तिने आपली दिशा गमावली.” ऐकताना मला अभिमान वाटला. इतकं नेटकं बोलणारा दुसरा माणूस त्या इमारतीत नव्हता. मग वीस मिनिटांनी त्यांनी पुन्हा तेच बोट वर केलं, तोच घसा खाकरला आणि तेच सांगितलं.

“ठिपका कसला?” नवीनं विचारलं.

तिला सांगणं भागच होतं, कारण पुढे हे तिलाच करायचं होतं. माझ्या वहीच्या डाव्या समासात जिथे ठिपका आहे, तिथे साहेब चुकले आणि मी दुरुस्त केलं. वादीला प्रतिवादी म्हणाले, साल चुकलं, मेलेल्या साक्षीदाराला हजर म्हणाले. तीन वर्षांपूर्वी महिन्याला एखादा ठिपका पडायचा. आता पानाला दोन-तीन पडत होते.

“आणि सही करण्याआधी वाचून नाही दाखवत? नियम आहे ना?”

“पूर्वी दाखवायचे. मग साहेबच म्हणायला लागले, बाई, तुम्ही लिहिलंय ना, मग झालं.”

नवीनं पेन्सिल खाली ठेवली. “मग निकाल कोणाचा म्हणायचा? त्यांचा की तुमचा?”

ती खोचक बोलली असती तर मी तिला तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण तिला खरंच कळत नव्हतं. “काल आलीस आणि मला शिकवतेस,” एवढंच पुटपुटून मी उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मला एका बापाची आठवण झाली. खरं तर ती गेली दोन वर्षं रोजच होत होती.

नवरा-बायको वेगळे झालेले आणि नऊ वर्षांची मुलगी आईकडे. बापानं तिला किती वेळा भेटायचं, एवढाच प्रश्न. साहेबांनी सांगितलं, “आठवड्यातून एकदा.” आधीच्या तात्पुरत्या आदेशात महिन्यातून एकदा होतं. मला वाटलं, साहेब पुन्हा घसरले. मी ठिपका दिला आणि ‘महिन्यातून’ असं टाइप केलं. साहेबांनी न वाचता सही केली. तो माणूस नक्कल न्यायला आला, तेव्हा काउंटरवर मीच होते. त्यानं ती ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि विचारलं, “बाई, साहेब तर आठवड्यातून म्हणाले होते ना?” मी म्हटलं, “लिहिलंय तेच खरं.” तो “बरं” म्हणाला आणि कागदाची नीट घडी करून निघून गेला. त्याच्या जागी मी असते तर कचेरी डोक्यावर घेतली असती. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

तीन महिन्यांनी ती फाइल दप्तरात परत लावताना आत साहेबांच्या हातची पेन्सिलची चिठ्ठी सापडली. ‘आठवड्यातून. मुलीचीच इच्छा आहे.’ म्हणजे साहेब बरोबर होते आणि मी चूक. त्याच दिवशी सांगितलं असतं तर चार ओळींत दुरुस्ती झाली असती. पण सांगायचं म्हणजे सगळेच ठिपके सांगायचे. मी ती चिठ्ठी होती तिथेच ठेवली आणि फाइल बांधली.

संध्याकाळी घरी हे सगळं मी आमच्या ह्यांच्या कानावर घातलं. तेहतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. ते पाण्याच्या नळाचं वायसर बदलत होते. बराच वेळ पाना फिरवत राहिले.

“तीन दिवस राहिलेत तुझे,” शेवटी म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबांचीही राहील, तुझीही राहील.”

“आणि त्या पोरीचं काय?”

त्यांनी नळ सोडून बघितला. गळत नव्हता. “मग मला कशाला विचारतेस?” ते म्हणाले. “ठरवूनच आलीयस की.”

ह्यांचं हे एक बरं आहे. उशिरा का होईना, पण कळतं.

बुधवारी सकाळी मी नवीची वही मागून घेतली आणि तिच्यावरून निकाल टाइप केला, जसाच्या तसा. पान चार, पान सात, सगळं. मग साहेबांच्या चेंबरमध्ये गेले. ते नेहमीप्रमाणे पेनाचं टोपण काढून सहीला तयारच बसले होते.

“साहेब, आधी वाचून दाखवते.”

“कशाला, बाई? तुम्ही लिहिलंय ना?”

“नियम आहे, साहेब.”

त्यांच्या हाताखालच्या बावीस वर्षांत मी त्यांना नियम दाखवला नव्हता. त्यांनी भुवया उंचावल्या, पण टोपण परत लावलं आणि डोळे मिटून मागे टेकले. मी वाचायला लागले. चौथ्या पानावर ‘वय हे शरीराचे मोजमाप आहे’ आलं, तेव्हा ते समाधानानं मान हलवू लागले. मी पाचवं वाचलं, सहावं वाचलं. सातव्यावर आले तरी मी थांबले नाही. “वय हे शरीराचे मोजमाप आहे, विवेकाचे नाही.” त्यांनी पुन्हा तशीच समाधानानं मान हलवली. पुढचं वाक्य अर्ध्यावर असताना मान थांबली. त्यांनी डोळे उघडले.

“हे आधी येऊन गेलं.”

“हो, साहेब.”

“तुम्ही दोनदा टाइप केलंत.”

“तुम्ही दोनदा सांगितलंत.”

“शक्य नाही. बावीस वर्षांत असं कधी झालं नाही.”

“तीन वर्षं होतंय, साहेब. मी कागदावर येऊ दिलं नाही.”

मी माझ्या वह्यांची चळत टेबलावर ठेवली आणि समासातले ठिपके म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी पहिली वही उघडली, मग दुसरी. लघुलिपी त्यांना येत नव्हती, पण ठिपका कोणालाही वाचता येतो. शेवटच्या वहीपाशी येईपर्यंत त्यांचे कान लाल झाले होते. ते आभार मानतील अशी वेडी आशा माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात होती, हे कबूल करते.

“तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?” ते ओरडले. बाहेर स्टुलावर बसलेला पट्टेवाला दारात डोकावून गेला. “मी चुकत होतो तर मला सांगायचं होतंत! माझ्या नावानं तुम्ही निकाल देत बसलात?”

“हो, साहेब. आणि त्यातला एक चुकीचा दिला.”

मग मी ती चिठ्ठीची गोष्ट सांगितली. एकही शब्द गाळला नाही. बोलता बोलता मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्या बापाचं “बरं” सांगताना तर माझा हुंदकाच फुटला. साहेब ऐकत राहिले. त्यांचा राग कधी उतरला ते मला कळलं नाही. डोळे पुसून पाहिलं तेव्हा ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

“ती फाइल आणा,” ते म्हणाले.

फाइल आणायला मला शोधावं लागलं नाही. कितव्या कप्प्यात, कितवी, हे दोन वर्षं पाठ होतं. चिठ्ठी आतच होती. त्यांनी ती वाचली, स्वतःचं अक्षर ओळखलं आणि नवीला वही घेऊन बोलवायला सांगितलं.

“घ्या,” ते म्हणाले. “मूळ आदेशात ‘महिन्यातून’ हा शब्द चुकीने आला आहे. तो ‘आठवड्यातून’ असा वाचावा. ही चूक लघुलेखिकेने केली.” ते थांबले. मी मान खाली घातली. “आणि न्यायाधीशाने आदेश न वाचता त्यावर सही केली. दोघेही जबाबदार आहेत. दुरुस्तीची नक्कल आजच दोन्ही पालकांना पोचवावी.”

नवीनं ते टाइप करून आणलं आणि उभ्या उभ्या वाचून दाखवलं. साहेबांनी स्वतःही एकदा वाचलं आणि मग सही केली. पट्टेवाल्यानं नकला घेतल्या आणि तो जिना उतरून गेला. मुलगी आता अकराची झाली असेल. गेलेले आठवडे तिला कोणी परत देणार नव्हतं, पण येणारा रविवार मिळणार होता.

टेबलावर वयाच्या कायद्याचा निकाल तसाच पडला होता. साहेबांनी तो हातात घेऊन पाहिला.

“यातला युक्तिवाद मला आजही पटतो, बाई,” ते म्हणाले. “साठीला तुम्हाला घरी पाठवणं हा मूर्खपणाच आहे.”

“मलाही तसंच वाटतं, साहेब.”

“पण ते मी सांगून चालणार नाही. हे प्रकरण दुसऱ्या पीठापुढे जाऊ दे. त्यांना काय वाटायचं ते वाटो.” त्यांनी पानं जुळवून बाजूला ठेवली. “आता शेवटचं एक पत्र. तुम्ही घ्या.”

नवी लगेच उठून बाहेर गेली. पोरीला समज आहे, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

साहेब खुर्चीत सरळ बसले. घसा खाकरून त्यांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात तारीख सांगितली आणि मग चार ओळी. प्रकृतीचं कारण नाही, कौटुंबिक कारण नाही. ‘माझी स्मृती या कामाला पुरेशी राहिलेली नाही, हे मला आज दाखवून देण्यात आले. म्हणून मी या पदाचा राजीनामा देत आहे.’ शब्दांची निवड अशी की त्यात हात घालायला जागा नव्हती.

फक्त तारीख चुकली होती. साल मागच्याच्या मागचं होतं.

माझी पेन्सिल सवयीनं समासाकडे गेली होती. मी ती मागे घेतली. सांगितलं तसंच लिहिलं, तसंच टाइप केलं आणि त्यांच्यासमोर उभी राहून वाचायला लागले. तारीख वाचून मी थांबले. पुढे वाचलं नाही.

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी पेन उघडलं, सालावर एक बारीक रेघ मारली आणि वर बरोबर साल लिहिलं. खाली सही केली. कागद माझ्याकडे परत देता देता त्यांनी तो पुन्हा ओढून घेतला, आणि डाव्या समासात, त्या ओळीच्या समोर, सावकाश एक ठिपका दिला.