पाठीतला एक इंच

धाकट्या जावेचा मुलगा पोहायला शिकला, तेव्हा थोरलीच्या पोटात दुखलं नाही. त्याने पोहण्याचं प्रमाणपत्र आणलं, तेव्हा दुखलं. कॉलेजच्या फॉर्मला जोडायला म्हणे. मग वक्तृत्वाचं आलं, झाडं लावल्याचं आलं. दर आठवड्याला धाकटी नवा कागद घेऊन वरच्या मजल्यावरून खाली यायची आणि म्हणायची, "ताई, सहज दाखवायला आणलाय." थोरलीचा मुलगा मात्र 'समाजासाठी काय केलंत?' या प्रश्नापुढे 'कुणाला त्रास दिला नाही' एवढंच लिहून मोकळा झाला.

तरी मार्कांत दोन्ही पोरं बरोबरीची निघाली. कॉलेजात जागा एकच उरली होती. ती कुणाला, ते मुलाखतीत ठरणार होतं.

थोरली शिवणकाम करायची, तेव्हा दोघांचेही कोट तिच्याचकडे आले. पुतण्याचं माप घेताना धाकटीचं मागून चालूच होतं, की बोलताना हा हात काय सुंदर हलवतो, समोरचा बघतच राहतो. थोरलीने मान डोलावली. कापड बेतताना मात्र तिचा खडू पुतण्याच्या पाठीत एक इंच आत सरकला. तीस वर्षांत कधी सरकला नव्हता. आपल्या मुलाच्या कोटाला तिने ऐसपैस जागा सोडली. लेकरू मोकळं बसेल.

ट्रायलला पुतण्या आरशापुढे हात सोडून उभा राहिला, आणि कोट झकास दिसला.

मुलाखतीला थोरलीचं लेकरू खरंच मोकळं बसलं. इतकं मोकळं, की बाहेरच्या बाकावरच त्याचा डोळा लागला, आणि आत जाऊन ते खुर्चीत गोणीसारखं पसरलं. पुतण्याला ना हात पुढे करता येईना, ना वाकता येईना. तो काठीसारखा ताठ बसला आणि शिवण उसवेल या भीतीने मोजकंच बोलला. परीक्षकांनी शेरा मारला: संयमी, वयापेक्षा समजूतदार. जागा त्याला मिळाली.

संध्याकाळी धाकटी तोच कोट हातावर टाकून खाली आली. थोरलीला वाटलं, आता भांडण होणार. धाकटीचे डोळे भरून आले होते.

"ताई, तो म्हणतो, मी हातवारे फार करतो ना, म्हणून मोठ्या काकूने मुद्दाम घट्ट शिवला. स्वतःच्या पोराचासुद्धा असा शिवला नाही हो तुम्ही."

"चहा घेतेस?" थोरली म्हणाली.

धाकटीने ते गल्लीभर सांगितलं. आठवड्यात घट्ट पाठीच्या सात कोटांचं काम आलं. प्रत्येक आई दारातूनच म्हणायची, पुतण्याला शिवला तसाच हवा.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या कॉलेजची मुलाखत आली. मुलगा आपला ढगळ कोट घेऊन मशीनपाशी उभा राहिला.

"आई, माझाही पाठीत एक इंच आत घे."

थोरलीने कोट उलटा केला, जुनी शिवण उसवली आणि खडू उचलला. क्षणभर थांबून तिने सव्वा इंचावर खूण केली.

पुतण्यापेक्षा आपला कमी का पडावा?