वाम मी खाल्ली न्हाई

आधीच सांगतो, वाम मी खाल्ली न्हाई. आमच्या साखरा गावात कुणालाबी इचारा, दगडोबा मेंढरं राखतो, मासे मारत न्हाई. पन जनकाबाईच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलं. ते काढायची कुणाची टाप हाय!

तिची विहीर माझ्या आखाड्याला, म्हंजे मेंढरं बसवायच्या रानातल्या जागेला, लागून. तिचा नवरा सटवाजी. त्यानं विहीर खांदली तवा कयाधू नदीतून दोन वामी, सापासारखे लांब मासे, घागरीत घालून आनल्या अन् पान्यात सोडल्या. किडे खातात, पानी साफ ठेवतात म्हनून. बोटाएवढ्या होत्या, मनगटाएवढ्या झाल्या. मंग सटवाजी वारला, वामी राहिल्या. जनकाबाई रोज सकाळी पायरीवर बसून त्यांना भाकर कुस्करून टाकायची, घरच्या मानसासारखं बोलायची. माझी मेंढरं त्याच विहिरीवर पानी प्यायची. मला ती भाऊ म्हनायची. पन तिची भाकर तिला, माझी मला. आमच्यातलं कुनी त्यांच्यात जेवत नव्हतं, म्हनून मीबी न्हाई. काहून, ते कुनी इचारत नव्हतं.

एका भादव्यात विहीर काठोकाठ भरली अन् एक वाम गायब! मरून वर आली न्हाई, काटा न्हाई, खवला न्हाई. आखाड्यावर मी एकटाच. झालं!

"दगडोबा, मासा काय पंख लावून उडाला व्हय?"

भाऊ गेलं, नुसता दगडोबा राहिला. माझ्या मेंढरांना विहीर बंद. वरीसभर त्यांना पार लांबच्या डोहावर नेऊन नेऊन माझे पाय मोडले. राग तर असा यायचा! अन् डोक्याचा निस्ता भुगा. मी खाल्ली न्हाई, तर मंग गेली कुठं? माशाला पाय असतात व्हय?

दुसऱ्या साली, हिंगोलीचा जिल्हा झाला त्या साली, पुन्हा भादवा आला, विहीर पुन्हा काठोकाठ भरली. राहिलेली वाम भाकरीला तोंड लावंना. "कुनी मेंढराचं औषध टाकलं काय की पान्यात," जनकाबाई मला ऐकू जाईल अशी बोलली. मी दात खात मेंढरं डोहाकडं हाकली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी झुंजुमुंजू उठलो. पाऊस झिमझिमत होता, बांधाखालचा पावसाळी ओढा दनानत होता. बांधावरच्या गवतात काहीतरी सळसळलं. साप समजून काठी उगारली. बघतो तर वाम! विहिरीतून निघून गवतातून ओढ्याकडं चाललेली. आता ही गेली तर हीबी माझ्याच नावावर! टाकलं घोंगडं तिच्यावर, गुंडाळली, अन् विहिरीकडं पळालो.

नेमकी जनकाबाई समोर. मागं घागर घेऊन करुणा, तिची लेक. हिंगोलीला कॉलेजात शिकायची, सुट्टीला आली होती.

"सापडला न्हवं चोर!" जनकाबाई वरडली.

"आवो, मी वापस आनून राहिलो तिला!"

"घोंगड्यात गुंडाळून?"

माझं डोस्कंच फिरलं. घोंगडं दिलं भुईवर उलटं करून. "तुमीच बघा ती कुठं जाते!"

वामीचं तोंड मी विहिरीकडं केलं. ती वळली अन् ओढ्याकडं निघाली. पुन्हा फिरवली, पुन्हा ओढ्याकडं. जनकाबाईनं स्वतः धरून फिरवली. हातातून निसटून ती तिकडंच चालली. जनकाबाई माझ्याकडं बघाय लागली, मी तिच्याकडं. दोघांनाबी काही कळंना.

"आई, सोड तिला," करुणा म्हनली. "डोळे बघ तिचे, केवढे मोठे झालेत. अंडी घालायला निघाली ती. समुद्रात."

"समुद्रात?" आमी दोघं एकदमच बोललो. साखऱ्यातून?

"ओढ्यातून कयाधू, मंग पैनगंगा, पुढं पुढं गोदावरी, अन् मंग समुद्र. जन्म तिथलाच तिचा. सुईएवढी असताना नदीनं वर चढत येते, गोड्या पान्यात वाढते. येळ आली की खानं सोडते अन् पुराबरोबर निघते."

"वापस कवा येते?" जनकाबाईनं इचारलं.

"न्हाई येत. अंडी घालून तिथंच मरते."

"तिला रस्ता कोन सांगते?" मी इचारलं.

"ते मला न्हाई माहीत, मामा. शिकलेल्यांनाबी बराबर ठावं न्हाई."

मला तर गरगरलंच. मी मेंढरं घेऊन गावोगाव फिरतो ते चाऱ्यासाठी. अन् ही बसल्या जागी मिळनारी भाकर सोडून मरायला चालली?

जनकाबाईच्या डोळ्याला पानी आलं. "ह्यांनी आनली होती वो," ती म्हनली. मंग पदरानं तोंड पुसलं. "जाऊ द्या तिला, भाऊ."

भाऊ! वरसानं ऐकलं.

वाम गढूळ पान्यात उतरली अन् दिसंनाशी झाली. आमी विहिरीवर आलो. जनकाबाईनं सवयीनं पदराखालची भाकर काढली, कुस्कराय लागली अन् थांबली. विहिरीत कुनीच नव्हतं.

"आता ही कोन खाईल?"

"आना इकडं," मी म्हनलो. "तुमच्या लेखी वाम मी मागंच खाल्लीय, आता तिची भाकरबी खातो की!"

ती हसली न्हाई. माझ्याकडं बघतच राहिली. मंग भाकर मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, अर्धी तिनं घेतली. पायरीवर बसून आमी खाल्ली. माझ्या मागं आलेली मेंढरं खाली वरसानं त्याच विहिरीचं पानी पीत होती.